चौथा रकाना

विळी माझ्याकडून काढून घेतली तेव्हा दुसऱ्या नारळाची एक वाटी खवायची राहिली होती.

सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरचा कॉन्डो, चौदावा मजला. गणपतीचा पहिला दिवस. घर लेले सरांचं. मी ज्या इंग्रज विद्यापीठाच्या सिंगापूर शाखेत काम करते, तिथल्या इतिहास समितीचे सर इथले प्रमुख. मी त्या शाखेचं दफ्तर सांभाळते. जुने कागद लावायचे, स्कॅन करायचे, वाचून टाइप करायचे. इंग्लंडहून समितीचे एक गोरे सदस्य आले होते. त्यांना मराठी घरातला गणपती दाखवायचा म्हणून सरांनी जेवण ठेवलं होतं. मला म्हणाले, "ताई, तुम्ही नक्की या. घरचंच समजा."

स्वयंपाकघरात वहिनी एकट्या होत्या. सरांच्या बायको. मला बसून राहायची सवय नाही. ओढणी कमरेला खोचली आणि विळीवर बसले. विळी पुण्याहून आणलेली, धार चांगली. एक नारळ झाला. उकड मळता मळता वहिनींनी विचारायला सुरुवात केली. मूळच्या कुठल्या. कुठला तालुका. माहेरचं आडनाव काय.

हे प्रश्न मला पाठ आहेत. उत्तरंही पाठ आहेत. गाव मोघम सांगायचं, जिल्ह्याचं नाव घ्यायचं आणि तिथल्या उन्हाळ्यावर बोलायला लागायचं. पण त्या दिवशी लक्ष नारळात होतं. माहेरचं आडनाव तोंडातून गेलं. ते गावावरून पडलेलं आडनाव. सांगितलं की गाव सांगितल्यासारखंच.

"अगंबाई, म्हणजे त्या गावच्या? आमचे मामा होते की त्या तालुक्याला मामलेदार. जत्रेला जायचो आम्ही." वहिनींचा हात थांबला. "पण गावात या नावाचं घर नाही आठवत मला. वेशीजवळचे का हो तुम्ही?"

"वेशीबाहेरचे," मी म्हणाले.

 वहिनींनी हात धुतले, पुसले. मग वाकून विळीचा पाट धरला.

"राहू द्या आता. सोवळ्यातलं आहे ना, सांगायलाच विसरले बघा. तुम्ही बाहेर बसा. पाहुण्या तुम्ही."

आवाज गोड होता. अगदी गोड.

मी बाहेर जाऊन बसले. अर्ध्या तासाने हात धुवायला आत गेले. कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. आत दीड नारळाचा पांढरा खव. वर टिश्यू पेपर टाकलेला. ओट्यावर फ्रीझरमधलं खोबऱ्याचं पाकीट कापून ठेवलं होतं. कुठल्या कारखान्यातलं, कुणाच्या हातचं, कुणाला माहीत. त्याचे मोदक झाले.

हॉलमध्ये सर गोऱ्या पाहुण्याला सांगत होते. उसाच्या मळ्यावर गुलाम बायका मालकाचा सगळा स्वयंपाक करायच्या, मुलंही त्याच वाढवायच्या, पण त्याच टेबलाशी बसायची त्यांना बंदी. सांगताना सरांचा गळा भरून आला. खोटा नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांचे डोळे खरंच ओले होते.

खिडकीबाहेर समुद्रात मालवाहू जहाजं ओळीने उभी होती. एकही हलत नव्हतं. मी मोदक खाल्ला नाही. त्यात काही धैर्य नव्हतं. बशी कडेला सरकवली, एवढंच.

*

आता आधीचं सांगते.

आमचं विद्यापीठ जुनं. ज्या घराण्याने ते काढलं त्याचे वेस्ट इंडीजमध्ये उसाचे मळे होते. मळ्यांवर गुलाम. गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली. गुलामांना नाही, मालकांना. त्यातून या घराण्याने सिंगापुरात जायफळाची बाग घेतली. बागेवर मुंबई इलाख्यातून माणसं आणली. काही करारावर आणलेली, काही शिक्षा भोगणारी. बागेच्या उत्पन्नातून पुढे विद्यापीठाची इमारत उठली. इतकी सरळ साखळी आहे.

आता विद्यापीठाला हे सगळं जगासमोर मांडायचं होतं. समिती नेमली. अहवाल, जाहीर माफी, शिष्यवृत्त्या, एका इमारतीचं नाव बदलणं. आणि इथे, सिंगापूरच्या आवारात, एक दगड. त्यावर बागेत राबलेल्या माणसांची नावं.

नावं होती एका वहीत. बागेवरच्या साहेबाने ठेवलेली मजुरांची वही. इंग्रजीत पाच रकाने. क्रमांक, नाव, वय, जात, काम. आणि समासात मोडीतली टिपणं, मुकादमाच्या हातची. मुकादम आपल्याकडचाच. मोडी वाचणारी शाखेत मी एकटी. पुण्याला असताना पोटासाठी शिकले, दफ्तरखान्यात रोजंदारीवर होते तेव्हा. सरांचे आजोबा मोडी लिहायचे म्हणे. सरांना येत नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. जुन्या कागदाची नक्कल छापायला जाण्याआधी दफ्तर सांभाळणाऱ्याने खाली सही करायची. ही नक्कल पूर्ण आणि मुळाप्रमाणे आहे, असं लिहून. त्या सहीशिवाय पान छापखान्यात जात नाही. आमच्याकडे तलाठी यालाच 'अस्सल बरहुकूम' म्हणायचे. माझे वडील गावचे कोतवाल. तलाठ्याचं दफ्तर डोक्यावर घेऊन त्याच्या मागून चालायचे. वाचता येत नव्हतं, पण हे दोन शब्द त्यांना फार आवडायचे. घरी आले की म्हणायचे, आज इतकी कागदं अस्सल बरहुकूम झाली.

मी वहीची नक्कल करायला बसले. पहिली चार पानं टाइप केली. क्रमांक, नाव, वय, काम.

चौथा रकाना मी टाइपच केला नाही.

कुणी सांगितलं नव्हतं. बोटं आपोआप पुढच्या रकान्यात गेली. तीस वर्षांची सवय. जात आली की तिला वळसा घालून जायचं. मी ती चार पानं सरांना पाठवली. सर माझ्या टेबलापाशी आले, हळू आवाजात म्हणाले, "ताई, फार शहाणपणाने केलंत. मी सांगणारच होतो. आपल्या लोकांना कळतं, काय बाहेर न्यायचं आणि काय नाही."

आपल्या लोकांना. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मिटवणारी पहिली मीच होते. समिती नंतरची.

*

शाळेत असताना एकदा मी हेच केलं होतं. सातवीत. शिष्यवृत्तीची यादी गुरुजींनी फळ्यावर लिहिली. नाव आणि पुढे जात. मधल्या सुट्टीत वरच्या आळीच्या मुली ती यादी सुरात वाचायच्या, कवायतीचे आकडे म्हणावेत तशी. नाव, जात. नाव, जात. हसायच्या. मी वर्ग रिकामा झाल्यावर फळ्यापाशी गेले. बोट थुंकीने ओलं केलं आणि माझ्या नावापुढचा शब्द पुसला. फक्त माझा.

गुरुजींनी पाहिलं. मारलं नाही. खडू हातात दिला. "तूच पुसलीस ना, आता तूच लिही. मोठ्या अक्षरात." सगळा वर्ग भरल्यावर लिहायला लावलं. हात थरथरत होता म्हणून अक्षर वाकडं आलं, तर पुसून पुन्हा. तिसऱ्या वेळी सरळ आलं. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत फळ्यावर तसंच ठेवलं.

मी घरी सांगितलं नाही. वडिलांना कुणाकडून तरी कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. पुढे मला कॉलेजला पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी गॅझेटमध्ये आडनाव बदलून घेतलं. गावाच्या नावावरून केलं. ज्या गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवलं त्याचं नाव आम्ही कपाळाला लावलं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं. त्यांना दोष देत नाही.

नवराही तसाच मिळाला. दोघांचं न बोलता ठरलेलं. घरात फोटो नाही, पुस्तकं कपाटाच्या आतल्या खणात. मुलीला काही सांगायचं नाही. सिंगापूर आम्हाला सोयीचं वाटलं. इथे सगळेच इंडियन.

*

गणपतीनंतरच्या सोमवारी मी कामावर गेले आणि वही पुन्हा उघडली. पहिल्या पानापासून. या वेळी समासातली मोडीसुद्धा नीट वाचली. आधी ती वरवर चाळली होती.

मुकादमाने लिहिलं होतं: खालचे जातीचे लोकांनी वरचे हौदाचे पाणी घेऊ नये. मैला, मेलेली जनावरे व प्रेते यांजकडे. खाली साहेबाने इंग्रजीत एक ओळ लिहून सही ठोकलेली. मंजूर, याने शिस्त राहते.

मी रकान्यांवरून बोट फिरवलं. धोंडी बिन सुभाना, वय अंदाजे तीस, महार, मैला. भागी कोम राणू, म्हणजे राणूची बायको, वय नाही, मांग, मैला. पुढे दोन पानांनंतर भागीच्या नावावर आडवी रेघ. शेजारी मोडीत: वरचे हौदास हात लाविला, सबब फटके. चौथे दिवशी मयत.

समुद्र ओलांडून आले. त्या काळी समुद्र ओलांडला की जात जाते म्हणायचे. यांची गेली नाही. आपल्याच माणसाने ती बोटीतून बरोबर आणली, उतरल्याबरोबर वहीत लिहून घेतली आणि गोऱ्याकडून मंजूर करून घेतली. गुलामांचे मळे चालवून आलेल्या घराण्याला इथे चाबकासोबत एक तयार हत्यार मिळालं. आपण दिलं.

मी सगळी पानं पुन्हा टाइप केली. पाचही रकाने. समासातली मोडी, खाली तिचा इंग्रजी अर्थ. गुरुवारी सरांना पाठवली.

शुक्रवारी सर आले. खोलीचं दार लावून घेतलं. ताई म्हणाले नाहीत.

"मॅडम, हे काय?"

मी म्हणाले, नक्कल.

सर बराच वेळ बोलले. चिडले नाहीत, समजावत होते. ही गोष्ट गोऱ्यांनी केलेल्या शोषणाची आहे. आपण आपली जात मध्ये आणली की त्यांना सुटायला वाट मिळेल. म्हणतील, बघा, तुम्ही तर एकमेकांनाच मारत होता. शिवाय दगडावर कुणाच्या नावापुढे अशी जात लिहिणं हा त्या माणसाचाच अपमान. मी विचार केला. शेवटच्या मुद्द्यात दम होता. मी म्हणाले, दगडावर नको. पण अहवालात वही जशी आहे तशी छापा, आणि हौदाचं व भागीचं टिपण छापा. सर म्हणाले, टिपणाचा अर्थ तुम्ही लावलाय. दुसऱ्या कुणी तपासलेला नाही. मी म्हणाले, मग तपासून घ्या, पुण्यात मोडी वाचणारे पुष्कळ आहेत. त्यावर ते उठले. जाताना दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचं रिन्यूअल मार्चमध्ये ना?"

एवढंच. माझा करार वाढवायच्या तारखेची चौकशी. धमकी म्हणून कुणाला दाखवता येणार नाही अशी.

आमचं घर माझ्या पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आहे. नवऱ्याची नोकरी मागच्या वर्षी गेली. तो आणि मुलगी माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या आधाराने इथे आहेत. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. करार संपला की देश सोडायला तीस दिवस. मग सेंगकांगचा भाड्याचा फ्लॅट रिकामा करायचा, बॅगा भरायच्या.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता. बांबूवर शर्ट सरकवत म्हणाला, "तीस वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. अजून एक वर्ष नको सांगूस. पोरीची परीक्षा होऊ दे."

तो चुकीचं बोलत नव्हता. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, तिने कानातले इअरफोन काढले आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "व्हॉट कॉलम? आई, जस्ट पुट इट बॅक लाह. सो हार्ड, मीह?"

मग तिला सांगावं लागलं. बसवून, पहिल्यापासून. आजोबा काय करायचे, आडनाव कुठून आलं, फळा. ती ऐकत राहिली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "सो ऑल धिस टाइम, यू हाइड फ्रॉम मी ऑल्सो?"

मी हो म्हणाले. ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

*

मग काही आठवडे काहीच झालं नाही. तेच वाईट होतं. सर लिफ्टमध्ये भेटले की हसायचे. मराठी बायकांच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं, पुसलं गेलं, आणि मग ग्रुपच शांत झाला. नवा ग्रुप निघाल्याचं मला सेरंगूनला भाजी घेताना एका ओळखीच्या बाईकडून कळलं. तिला वाटलं मी त्यात आहे. नाही म्हटल्यावर तिने कोथिंबिरीच्या जुड्या चाळायला सुरुवात केली. वर पाहिलंच नाही.

ज्या खोलीत मूळ वही असते तिथे माझं कार्ड एक दिवस लाल दिवा दाखवायला लागलं. विचारलं तर उत्तर आलं, सिस्टीम अपग्रेड. इतरांची कार्डं चालत होती.

समितीची मोठी बैठक ठरली. इंग्लंड, वेस्ट इंडीज आणि आम्ही, पडद्यावर. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. बाहेर आभाळ काळं होऊन खाली आलं होतं, पाऊस पडत नव्हता. सिंगापूरच्या खोलीत सर, एचआरच्या मिस टॅन, दोन कारकून आणि मी. मला पानं पुढे सरकवायला बसवलं होतं.

सरांनी वही दाखवली. मूळ पानाचा फोटो. चौथ्या रकान्यावर वरून खालपर्यंत पांढरी पट्टी. मी केलेली नव्हती. समासही कापलेला.

सर दहा मिनिटं बोलले. छान बोलले. मग पडद्यावरच्या वेस्ट इंडीजच्या चौकटीतल्या एक बाई बोलायला लागल्या. आयरीन त्यांचं नाव. साठीच्या असाव्यात, निवृत्त नर्स. विद्यापीठाच्या मळ्यांवरच्या गुलामांच्या वंशजांतर्फे त्या समितीवर आहेत. चष्मा कपाळावर ढकलून पडद्याजवळ आल्या आणि विचारलं, पांढऱ्या पट्टीखाली काय आहे.

सर म्हणाले, प्रशासकीय तपशील आहे, स्थानिक दृष्टीने जरा नाजूक.

आयरीनबाई म्हणाल्या, आमचे कागद पहिल्यांदा दाखवले तेव्हा असंच एक पान झाकलं होतं. तेव्हाही नाजूक म्हणाले होते. त्याखाली माझ्या पणजीच्या आईची किंमत लिहिलेली होती. मग त्यांनी विचारलं, ही वही वाचली कुणी?

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही यावरून मला कळलं की ते माझं गप्प राहणं धरूनच चालले आहेत. सातवीतल्या मुलीसारखं.

मी माइक ओढला. म्हणाले, मी वाचली. त्याखाली जात आहे. कापलेल्या समासात लिहिलं आहे की कुणी कुठल्या हौदाचं पाणी प्यायचं, मैला कुणी उचलायचा आणि हौदाला हात लावणाऱ्या बाईला फटके मारल्यावर ती चौथ्या दिवशी मेली. हा हौदाचा नियम बागेवरच्या तुमच्या साहेबाने मंजूर केला आहे. त्याची सही आहे. सुचवलं माझ्या देशाच्या माणसाने.

सर माझ्याकडे झुकले. मराठीत, ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, आपल्यातलं आपल्यात ठेवा."

माइक चालू होता. मला माहीत होतं.

"सर, आपल्यात म्हणजे कुणात? तुमच्या घरी मी खवलेला नारळ कचऱ्यात गेला. मी तुमच्यात कधी आले?"

पडद्यावरच्या लोकांना शब्द कळले नाहीत. आयरीनबाईंनी अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितला, नारळासकट. आणि मग म्हणाले, चौथ्या रकान्यात ज्या जाती आहेत त्यातली एक माझी आहे. पहिल्या नकलेत तो रकाना मीच गाळला होता. तेही नोंदवून घ्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आयरीनबाईंनी चष्मा खाली घेतला आणि काहीतरी लिहून घेतलं. इंग्लंडहून बोलणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. वेळ संपली नव्हती. चौकटी एकेक करून काळ्या झाल्या. सर कागद गोळा करत होते.

*

दुसऱ्या दिवशी मिस टॅन माझ्या टेबलापाशी आल्या. बाई वाईट नाही. मुलीच्या आजारपणात मला दोनदा स्वतःहून सुट्टी दिलेली आहे. त्यांनी नकलेचा छापील कागद समोर ठेवला. चार रकाने. खाली ओळ: ही नक्कल पूर्ण आणि मुळाप्रमाणे आहे. सहीसाठी जागा.

"साइन ओन्ली. देन रिन्यूअल ऑल सेटल, ओके लाह? डोंट मेक युअरसेल्फ सफर."

मी विचारलं, सही केली नाही तर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाल्या, मग दुसरा कुणीतरी करेल, पण तुझं मार्चचं मी काही सांगू शकत नाही. सोमवारपर्यंत कागद परत दे.

कागद घरी आणला. शनिवार, रविवार टेबलावर पडून होता. नवरा त्याच्या बाजूने जायचा, बघायचा, चहाचा कप त्यापासून लांब ठेवायचा. कागद ओला होऊ नये म्हणून. रविवारी दुपारी मुलगी समोर येऊन बसली. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. कागद सुलटा करून तिने वाचला, आणि विचारलं, आजोबांचं जुनं आडनाव स्पेल कसं करायचं. मी सांगितलं. तिने मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून पाहिलं. मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "इफ वी गो बॅक, आय टेक एक्झाम प्रायव्हेट. कॅन." आणि उठून गेली. नवऱ्याने ऐकलं. कपाटावरच्या बॅगा काढून त्यांची चाकं तपासायला लागला.

आज सोमवार. सकाळी सातला मी टेबलाशी बसले. पेन घेतलं. सहीच्या जागेवर लिहिलं:

अस्सल बरहुकूम नाही. चौथा रकाना आणि समास गाळला आहे. पहिल्यांदा मी गाळला, नंतर समितीने.

हेच खाली इंग्रजीत लिहिलं. मग नाव. वडिलांचं जुनं आडनाव, गॅझेटच्या आधीचं. आणि नावापुढे, वहीत आहे तसं, माझी जात. कुणी खडू दिला नव्हता. कुणी मागे उभं नव्हतं. हात थरथरला नाही.

कागद मिस टॅनना परत दिला. एक प्रत आयरीनबाईंना पाठवली, त्यांच्या समितीच्या पत्त्यावर, सर आणि अध्यक्ष दोघांना त्याच ईमेलवर घेऊन. लपवून काही करणार नाही. तेवढं पुरे झालं. उत्तर अजून आलेलं नाही. अध्यक्षांच्या कार्यालयाकडून संध्याकाळी दोन ओळी आल्या आहेत: प्रकरण पाहिलं जात आहे, तोपर्यंत कुणाशी बोलू नये.

बोलणार आहे.

दगड फेब्रुवारीत बसवणार. नोकरी तेव्हा असेल, मार्चनंतर नसेल, असं मी धरून चालले आहे. पास रद्द झाला की तीस दिवस, तेही मोजले आहेत. दगड बसवायच्या दिवशी त्यावरचं कापड काढतील, सर नावं वाचतील, त्यांचा गळा भरून येईल. वाचून होऊ दे. मी पहिल्या रांगेत उभी असेन, हातात पाचही रकान्यांची नक्कल घेऊन. त्यांचं संपलं की मी पुढे होणार आणि पहिल्या नावापासून सुरुवात करणार. नाव, वय, जात, काम. भागीच्या नावाशी थांबून हौदाचं सगळं वाचणार. बाहेर काढायचं असेल तर माझ्या दंडाला धरून काढावं लागेल, सगळ्यांच्या देखत, हात लावून.